मातापूर-कोल्हापूरला जाऊ नये

प्रति,
ज्या आश्रमात मी वाढले तिथले महंत बाबा, आणि महानुभाव पंथातले सर्व आचार्य, महंत व तपस्विनी यांस,

दंडवत प्रणाम.

हे दोन शब्द लिहावेत की नाही यातच माझा अर्धा रविवार गेला. 'नमस्कार' लिहून पाहिला, तो बँकेच्या साहेबाला लिहिल्यासारखा दिसला. 'सादर प्रणाम' लग्नपत्रिकेतला वाटला. शेवटी हाताला जे येतं तेच राहू दिलं. आश्रम सोडून मला तेरा वर्षं झाली, तरी फोनवर कुणी वडीलधारं बोललं की तोंडातून आधी 'दंड' निघतं आणि मग ते मी कसंबसं 'नमस्कार'कडे वळवते. समोरच्याला वाटतं, ही बाई अडखळत बोलते.

आधी पाकिटातून तीन पत्रं पाठवली होती. एक साधं, दोन रजिस्टर. रजिस्टरच्या पोचपावत्या परत आल्या, त्यांवर सही आहे, म्हणजे पत्रं पोचली. उत्तर आलं नाही. म्हणून हे चौथं उघड्यावर लिहिते आहे. आश्रमाचं नाव आणि गाव मी लिहिणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना पहिल्या चार ओळींत कळेल, आणि इतरांनी शोधत बसू नये. माझी तक्रार एका फाटकाशी आहे, पण बोलायचं आहे ते सगळ्या पंथाशी.

मी नऊ वर्षांची असताना वडील गेले. आईने पंथाचा उपदेश आधीच घेतलेला होता. वर्षभरात तिने अनुसरण, म्हणजे संन्यास, घेतलं, आणि मी तिच्या पदराला धरून आश्रमात आले. पदराला धरून म्हणायचं एवढंच. थोड्या दिवसांत तो पदर काळा झाला, तिचे केस गेले, आणि सगळ्यांसारखी मीही तिला 'बाई' म्हणू लागले. पंधरा वर्षं मी तिथे होते. पहाटे उठून नामस्मरण, देवपूजा, विडा अवसर, सूत्रपाठ, म्हणजे पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामींची वचनं. दुपारी झोळीतली भिक्षा एकत्र कालवून जेवण. संध्याकाळची आरती. सूत्रं मला अर्थ कळण्याआधी पाठ झाली, आणि अर्थ कळायला लागला तशी मी प्रश्न विचारायला लागले. चोविसाव्या वर्षी निघाले. कुणी हाकलून दिलं नाही, कुणी मारलं नाही. मारहाणीची गोष्ट ऐकायला जे हे पत्र उघडतील त्यांची निराशा होईल.

निघाले आणि फिरत फिरत पोचले कुठे, तर कोल्हापुरात.

तुम्हाला हसू येईल की राग, माहीत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: स्वामींनी साधकांना घालून दिलेल्या नियमांत एक असा आहे की मातापूर आणि कोल्हापूर इथे जाऊ नये. मातापूर म्हणजे माहूर. दोन्ही देवीची ठाणी. तिथल्या देवता साभिमान आहेत, त्या साधकाला विघ्न करतात. हे सूत्र मी दहाव्या वर्षी घोकलं आहे. एसटीच्या पाटीवर 'कोल्हापूर' वाचलं तरी मान फिरवायची सवय होती मला. आणि आता माझ्या रेशनकार्डावर ते गाव आहे. महाद्वार रोडपासून चालत सात मिनिटांवर घर. पहिली दोन वर्षं दूध उतू गेलं, गिरणीची वीज गेली, नवऱ्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं, की माझ्या मनात एकच: विघ्न. मग हळूहळू लक्षात आलं की इथे लाखो माणसं आहेत, आणि सगळ्यांच्याच गाड्या पंक्चर होतात.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. दत्तात्रेय प्रभू तर आपल्या पंचावतारांतलेच, पंथ मानतो त्या पाच अवतारांतले. त्यांची दिनचर्या आपणच सांगतो: कोल्हापुरी भिक्षा, पांचाळेश्वरी भोजन, माहुरी निद्रा. माहूरच्या देवदेवेश्वर मंदिरात तर पंथाची अख्खी यात्रा जाते. मग जिथे प्रभू रोज झोळी घेऊन येतात त्या गावात मी चपात्या लाटल्या तर बिघडलं कुठे? हे मी थट्टेने लिहीत नाही. थोडं थट्टेनेही लिहिते आहे.

बाहेर पडल्यावर काय काय शिकावं लागतं याची यादी कुणी करत नाही. लोकांना वाटतं, पंथ सोडला म्हणजे देव सोडला, मोठा तात्त्विक मामला. देवाचं नंतर येतं. आधी केस येतात. माझे केस वाढायला लागले तेव्हा त्यांचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. मामाकडे राहत होते तेव्हा दहा वर्षांच्या मामेबहिणीने मला तीन पेडांची वेणी शिकवली. मी चोवीस वर्षांची, ती दहाची, आणि ती हसत नव्हती, हे तिचे उपकार. मग कपडे. पहिल्या पगारात साडी घ्यायला दुकानात गेले. दुकानदाराने गादीवर वीसेक साड्या पसरल्या, आणि मला घाम फुटला. आवड म्हणजे काय, ती शरीरात कुठे असते, हेच कळेना. तो म्हणाला, 'ताई, कुठला रंग आवडतो?' मी गप्प. शेवटी काळी उचलली आणि बाहेर आले. रस्त्यात येऊन स्वतःवरच चिडले.

संक्रांतीला गंमत झाली. लग्नानंतरची पहिली संक्रांत, सासूबाईंनी हौसेने चंद्रकळा आणली, हलव्याचे दागिने आणले. घरोघरच्या सुना त्या दिवशी काळं नेसायला उत्सुक, आणि मी एकटीच म्हणत होते, मला काळं नको. सासूबाईंना वाटलं साडी स्वस्तातली दिसली म्हणून नको म्हणते. त्यांना सांगायचं कसं, की पंधरा वर्षं मी दुसरं काही नेसलेच नाही? नेसले शेवटी. फोटोत माझा चेहरा सुतकातल्यासारखा आला आहे.

जेवणाचं तर विचारू नका. मी ताटात भात, आमटी, भाजी, चपाती सगळं एकत्र कालवते. जीभ निराळ्या चवी मागायला लागली की आसक्ती वाढते, असं आपण शिकलो. सासूबाई पहिल्या आठवड्यात बघत राहिल्या, आठव्या दिवशी म्हणाल्या, 'अगं, म्हशीचं आंबोण केल्यागत का कालवतीस? मी एवढी चार भांडी लावून करतोय ते कशाला?' त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला मी हातही लावत नाही, याचं त्यांना तेवढं वाईट वाटत नाही जेवढं चांगल्या वांग्याच्या भाजीचा लगदा केल्याचं वाटतं. आता मी ताटात वाट्या घेते. एकटी जेवायला बसले की कालवते.

गणपतीत पहिल्या वर्षी मी आजारी पडल्याचं नाटक केलं. दुसऱ्या वर्षी आरतीला उभी राहिले, पण टाळ्या वाजेनात. हात एकमेकांजवळ येऊन थांबायचे. मोदक पुढे आला. अन्य देवतेचा नैवेद्य. घशाखाली उतरला नाही, रुमालात गुंडाळून नंतर गाईला घातला. आता खाते. चौथ्या वर्षी खाल्ला आणि काही झालं नाही, एवढंच की नारळ जरा जुना होता. पण खरं सांगायचं तर आजही पहिला घास घेताना आत कुणीतरी दचकतं. ते दचकणारं माणूस नऊ वर्षांचं आहे.

अंबाबाईच्या देवळात जायला सहा वर्षं लागली. तेही देवीसाठी नाही. नोव्हेंबरात नऊ, दहा, अकरा तारखेला किरणोत्सव असतो, मावळतीचा सूर्य महाद्वारातून आत येतो आणि त्याची किरणं मूर्तीपर्यंत चढत जातात. मी काम करते त्या प्रेसमधले सगळे निघाले होते, मीही गेले. गर्दीत उभी राहिले. किरणं पायांपाशी आली, वर सरकू लागली, लोकांनी श्वास धरला. मी हात जोडले नाहीत. पण ज्याने हे देऊळ बांधलं त्या गवंड्याला मनातल्या मनात दंडवत घातला. आता ही देवताभक्ती झाली का, बाबा? तुम्ही निर्णय द्या. मला कुतूहल आहे.

विश्वासाचं विचाराल तर माझ्याजवळ नीटसं उत्तर नाही. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ मला अजूनही घडाघडा सांगता येतात. जीव आणि प्रपंच यांबद्दल माझी खात्री आहे, दोन्ही रोज घरात दिसतात. उरलेल्या दोहोंबद्दल मी काही बोलत नाही. घाटात बसचा ब्रेक करकरला की जिभेवर नाम येतं. ते भक्तीने येतं की सवयीने, हे मी तपासायचं सोडून दिलं आहे.

आणि काही गोष्टी अशा आहेत की त्या मी सोडल्या नाहीत, सोडणारही नाही. त्या तुम्ही दिल्या म्हणून हे पत्र रागाचं होत नाही.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई म्हणाल्या, 'चार दिवस बाजूला बसत जा, माठाला शिवू नको.' मला क्षणभर कळलंच नाही त्या कशाबद्दल बोलताहेत. आश्रमात विटाळ नव्हता. पंधरा वर्षांत एकदाही मला कुणी बाजूला बसवलं नव्हतं, पोथीला शिवू नको म्हटलं नव्हतं. मी समजत होते की मी कडक जगातून मोकळ्या जगात आले, आणि इथे तर माठसुद्धा मोकळा नव्हता. मी त्यांना स्वामींचं बोलणं सांगितलं. नाकातून शेंबूड येतो, डोळ्याला चिपड येतं, कानात मळ होतो, तसंच हेही एक शरीरातून येतं आणि जातं, त्याचा विटाळ धरू नये. सासूबाई भाजी निवडत होत्या, थांबल्या. 'हे कोण म्हणलं?'

'आमच्या स्वामींनी.'

'कवा?'

'साडेसातशे वर्षं झाली.'

त्यांनी दोन मेथीच्या काड्या आणखी मोडल्या. 'मग तुमचा देव शहाणा हाय की.'

त्या दिवसापासून आमच्या घरात माठ सगळ्यांचा आहे. पंथ सोडलेल्या बाईने कोल्हापुरात बसून पंथाचा एवढा प्रचार केला, याची कुठे नोंद आहे का? नसेलच.

भाषेचंही तसंच. तुमच्याकडे असताना मला शाळा सातवीपर्यंतच मिळाली. पण सूत्रं, लीळा म्हणजे स्वामींच्या आठवणी, महदंबेचे धवळे हे सगळं कानावरून गेलं होतं, सकळ लिपी वाचता येत होती. एके काळी ज्या सांकेतिक लिपीमुळे बाहेरच्या जगाला आपल्या पोथ्या शेकडो वर्षं उघडल्या नाहीत, ती मला बाराव्या वर्षी पाढ्यांसारखी येत होती. आणि इंग्रजी मुळाक्षरं येत नव्हती. सव्विसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. मराठीत चौऱ्याऐंशी, इंग्रजीत एक्केचाळीस. त्या चौऱ्याऐंशीवर प्रेसमध्ये मुद्रितशोधनाची नोकरी मिळाली, आणि आजही तीच करते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे लेखांचा पूर आला होता. प्रत्येकात लीळाचरित्र, प्रत्येकात ते लिहिणारे म्हाइंभट, प्रत्येकात रिद्धपूर आणि तिथलं नवं मराठी भाषा विद्यापीठ. निम्म्या लेखांत 'लीळाचरित्र'मधला ळ चुकलेला. मी ते लाल शाईने दुरुस्त करत बसले होते आणि मला वेड्यासारखं रडू येत होतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, 'मॅडम, एवढं काय आहे त्यात?' मी म्हटलं, 'माझ्या माहेरची भाषा आहे.' त्याला वाटलं मी विदर्भातली.

माहेर म्हटलं खरं. कारण बाहेरच्या लोकांत बसले की मी तुमची होते. एका बारशाला एक बाई कुणाबद्दल तरी सहज म्हणाल्या, 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची.' सगळ्या हसल्या. ही म्हण मी पूर्वी फक्त वाचली होती, कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. माझे कान तापले. पंथाला शेकडो वर्षं जे टोमणे बसले, ज्या नावाचाच या लोकांनी अपभ्रंश करून शिवी केली, तो सगळा साठा माझ्या वाटणीलाही आलेला आहे. मी उठून सांगितलं की यातला मानभाव मी आहे, आणि माझी बोलणी तुम्ही अजून ऐकलेली नाही. बारसं जरा गारठलं.

तर असं आहे. इकडे मी मानभावीण आणि तिकडे तुमच्या दारात मी भ्रष्ट. मधल्या पट्टीत आमच्यासारखी माणसं राहतात. मला अशी सातआठ माहीत आहेत. कुणी रिक्षा चालवतो, कुणी पुण्यात रुग्णालयात आया आहे, एक जण चक्क वारीला जातो आणि परत आल्यावर मला फोन करून विचारतो की पाप लागलं असेल का. आम्ही एकमेकांना 'दंडवत' म्हणतो आणि मग हसतो.

आता मूळ गोष्ट.

आई अजून आश्रमात आहे. बहात्तर वर्षांची. गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली, जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात दहा दिवस होती, हे मला ती परत आल्यावर तीन आठवड्यांनी कळलं. तेही आश्रमाकडून नाही, भाजी पोचवणाऱ्या माणसाकडून. मी रात्रीची गाडी धरून आले. फाटकाशी मला सांगण्यात आलं की तपस्विनींच्या आचाराला बाध येतो. सूत्र ऐकवण्यात आलं: 'संबंधियांचा संबंधु तो विशेषता त्याज्य.' ऐकवणारा मुलगा विशीचा असेल. उच्चार चांगले होते. मी त्याला म्हटलं, बाळा, याच्या आधीची दोन वाक्यंही म्हण, स्वदेश आणि स्वग्राम यांचाही संबंध त्याज्य, ही. त्याने म्हटली. मग तोच गोंधळला.

दोन तास उन्हात बसल्यावर दहा मिनिटं मिळाली. ओसरीवर, दोघी तपस्विनी शेजारी उभ्या. आई मध्ये बसली होती. तिचं मनगट एवढं बारीक झालं होतं की माझ्या दोन बोटांत मावलं असतं, पण मी हात लावला नाही, तिला त्रास नको म्हणून. ती काही बोलली नाही. मग हात तोंडाकडे नेऊन तिने फक्त विचारलं, जेवलीस का. मी मान हलवली. खोटं होतं ते, मी सकाळपासून चहावर होते, आणि तिला ते कळलं हे मला तिच्या डोळ्यांवरून दिसलं.

पुढच्या महिन्यात समजलं की त्या दहा मिनिटांसाठी तिला प्रायश्चित्त सांगितलं गेलं. बहात्तर वर्षांच्या, नुकत्याच दवाखान्यातून आलेल्या बाईला. काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, तिला ते आवडणार नाही.

बाबा, मी तुमच्याशी सूत्रांवरूनच बोलते, कारण दुसरी कुठली भाषा तुम्ही मानणार नाही आणि ती मला येतेही. संबंधियांचा संबंध त्याज्य आहे, मान्य. मग मी पंधरा वर्षं तिच्या शेजारच्या चटईवर झोपत होते तेव्हा हे सूत्र कुठे होतं? तेव्हा मी तिची मुलगीच होते. तापात तिने माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या, सगळ्या आश्रमाने पाहिलं, कुणी म्हटलं नाही की हा संबंध आहे. मी निघाले आणि सूत्र जागं झालं. म्हणजे जे त्याज्य आहे ते नातं नव्हे, माझं निघणं आहे. तसं असेल तर तसं सरळ म्हणा. स्वामींच्या शब्दाआड उभं राहू नका.

आणि नागदेवाचार्यांचं काय? स्वामींमागे ज्यांनी पंथ उभा केला, त्यांची आई आबाइसा, बहीण उमाइसा, नात्यातलीच महदाइसा म्हणजे धवळ्यांची महदंबा, ही सगळी स्वामींच्या भोवतीच होती. एका घरची माणसं एका झाडाखाली बसून निरूपण ऐकत होती. तुम्ही म्हणाल, त्यांनीही अनुसरण घेतलेलं होतं, तुझं तसं नाही. हे उत्तर मला माहीत आहे. म्हणून सशाची लीळा सांगते.

पारध्यांनी काढलेला ससा पळत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. कुत्री भोवती. पारधी म्हणाले, आमचा ससा सोडा. स्वामींनी सांगितलं की शरण आलेल्याला मरण नाही. पारध्यांशी बोलले, त्यांचीच मनं वळवली. शाळेच्या पुस्तकांतही ही गोष्ट असायची, सगळे इथेच थांबतात. मी लहानपणापासून पुढचं वाक्य वाचत आले आहे. पारधी गेल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि सशाला महात्मा म्हणून हाक मारत सांगितलं, आता जा. आणि ससा गेला. तो स्वामींजवळ राहिला नाही, त्याने उपदेश घेतला नाही. तो रानात गेला, तिथे गवत खाल्लं असेल, दुसऱ्या देवतेच्या डोंगरावरचंही खाल्लं असेल. जाताना त्याला कुणी भ्रष्ट म्हटलं नाही.

वडील गेल्यावर आई आणि मी अशाच मांडीखाली आलो होतो. भाऊबंदांनी शेत घेतलं होतं, घरात दाणा नव्हता, आणि तुमच्या आश्रमाने आम्हाला आसरा दिला. हे मी विसरलेले नाही, कुठेही बोलताना आधी हेच सांगते. पण मांडी उचलायची वेळ आली तेव्हा तुम्ही ती दाबून धरलीत. आणि मी निसटले, तर आता आईवर दाबता आहात.

माझ्याबरोबर प्रेसमध्ये हिशेब बघणाऱ्या एक बोहरी बाई आहेत. त्यांच्या घराने सुधारकांची बाजू घेतली म्हणून आजोबांच्या मयतीला जवळचं कुणी आलं नव्हतं. त्या मला म्हणतात, तू कायदा दाखव. त्यांना कायदे पाठ आहेत. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध कायदा केला, १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला, मग महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींनी वाळीत टाकलेल्या कितीतरी घरांना त्याचा आधार झाला असेल. पण मी कुठल्या कलमाखाली येणार? मला कुणी वाळीत टाकलेलं नाही. मी आपण होऊन निघाले, आणि आई आपण होऊन राहिली. पोलीस पाटलाला घेऊन आले तर तो ओसरीवर बसून चहा पिईल आणि मला म्हणेल, बाई, साधूंच्या आचारात आपण कसं पडायचं. शिवाय आईला त्याचं काय वाटेल? म्हणून कायदा माझ्या पिशवीत नाही.

मागते त्या दोनच गोष्टी. पहिली, माझ्यापुरती: आईला भेटू द्या, आणि त्यासाठी तिला प्रायश्चित्त देऊ नका. वर्षातून चार वेळा, ओसरीवर, दोघीजणी शेजारी उभ्या राहिल्या तरी चालेल. तिलाच भेटायचं नसेल तर तसं तिने सांगावं. तिच्या तोंडून ऐकलं की मी परत फिरेन. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकणार नाही.

दुसरी माझ्यापुरती नाही. आश्रमात आज जी लहान मुलं आहेत त्यांना दहावीपर्यंत शाळेत पाठवा, आणि अनुसरणाचं अठरा पूर्ण झाल्यावर विचारा. विचारा म्हणजे खरंच विचारा, आणि नाही म्हणाली तरी जेवायला वाढा. माझ्या नवव्या वर्षी मला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हेही खरं आहे. आई जिथे तिथे मी, एवढीच माझी अक्कल होती. मराठी पोथी पंजाबात आणि तिथून पेशावर-काबूलपर्यंत घेऊन जाणारी माणसं होतो आपण. आपल्या पोरांना इंग्रजी मुळाक्षरं आली तर पंथ बुडणार नाही.

भाद्रपद शुद्ध द्वितीयेला, स्वामींच्या अवतारदिनाला, आश्रमात उपहार असतो, फाटक दिवसभर उघडं असतं. त्या दिवशी मी येणार आहे. सकाळच्या पहिल्या एसटीने, म्हणजे साडेनऊच्या आसपास. पंक्तीत बसणार नाही, कुणाच्या आचाराला बाध येईल असं काही करणार नाही, कडेच्या लिंबाखाली थांबेन. लिंब अजून आहे ना?

बरोबर शेंगदाण्याचे लाडू असतील, आईला आवडतात ते, दातांना त्रास होणार नाही असे मऊ केलेले. नव्या पातेल्यात करीन. त्या पातेल्यात आमच्या घरचं दुसरं काही शिजलेलं नसेल. आणि आणण्याआधी ते कुठल्याही देवतेपुढे ठेवलेले नसतील. सासूबाईंना तसं सांगून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, 'बरं, मग माझ्याबी चार जास्त बांध, त्यांच्या बाबास्नी दे.'

दंडवत प्रणाम.

आपल्या आश्रमातली एक मुलगी,
मुक्काम कोल्हापूर